ग्रंथिच्छेदनापासून इंजेक्शनपर्यंत : रजोनिवृत्तीनंतरच्या स्तनकर्करोगावरील संप्रेरकरोधक उपचाराचा ऐतिहासिक अभ्यास (१८९६ ते २०२३)

प्रस्तावना

वैद्यकाचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमुक वर्षी अमुक शास्त्रज्ञाने अमुक औषध शोधले, अशा नोंदींची मालिका म्हणजेच इतिहास असा समज त्यातून दृढ होतो. वस्तुतः औषध सापडणे, ते कोणत्या रुग्णाला द्यावे हे कळणे आणि ते किती मात्रेत द्यावे हे कळणे या तीन स्वतंत्र घटना आहेत. त्यांच्यामध्ये कधी वर्षांचे तर कधी दशकांचे अंतर असते. रजोनिवृत्तीनंतरच्या स्तनकर्करोगावर वापरल्या जाणाऱ्या फुलव्हेस्ट्रंट या इंजेक्शनचा इतिहास हे याचे बोलके उदाहरण होय. हे औषध १९९१ मध्ये शास्त्रीय जगासमोर आले, २००२ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि त्याची योग्य मात्रा मात्र २०१० मध्ये निश्चित झाली.

या इतिहासाला आणखी एक बाजू आहे. स्तनकर्करोगावरील संप्रेरकविषयक उपचारांचा आरंभ तरुण स्त्रियांपासून झाला. मासिक पाळी थांबलेली स्त्री आरंभी या उपचाराच्या कक्षेबाहेर होती. ज्या स्त्रीचे अंडाशय निष्क्रिय झाले आहेत, तिच्या शरीरातील गाठ कोणत्या संप्रेरकावर वाढते, हा प्रश्न शतकभर संशोधकांना खुणावत राहिला. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाचा आणि त्याच्या उत्तरांचा मागोवा घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) स्तनकर्करोगावरील संप्रेरकविषयक उपचारांच्या विकासाचे टप्पे स्पष्ट करणे.
२) रजोनिवृत्तीनंतरच्या रुग्ण स्त्रियांमुळे या संशोधनाला मिळालेली दिशा तपासणे.
३) फुलव्हेस्ट्रंटच्या मात्रेविषयीच्या संशोधनाचे ऐतिहासिक विश्लेषण करणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय चाचण्या व वैद्यकाच्या इतिहासविषयक लेखन यांचा आधार घेतला आहे.

ग्रंथिच्छेदनाचे युग

स्तनाचा कर्करोग आणि अंडाशय यांचा संबंध असावा, अशी कल्पना जर्मन शल्यचिकित्सक आल्बर्ट शिन्झिंगर यांनी १८८९ मध्ये मांडली होती. तथापि तिला प्रत्यक्ष रूप दिले ते ग्लासगो येथील शल्यचिकित्सक जॉर्ज थॉमस बीट्सन यांनी. बीट्सन यांनी तरुणपणी दुग्धस्रवणाचा अभ्यास केला होता. दुभत्या गाईचे अंडाशय काढल्यास ती अधिक काळ दूध देते, ही पशुपालकांची माहिती त्यांच्या कानावर आली होती. स्तनाच्या पेशींवर दूर असलेल्या एका अवयवाचे नियंत्रण असते, हे त्यांनी त्यावरून ताडले. स्तन काढल्यानंतरही रोग उलटलेल्या एका ३३ वर्षांच्या स्त्रीचे अंडाशय त्यांनी जून १८९५ मध्ये काढले. काही महिन्यांत तिच्या गाठी विरून गेल्या. १८९६ मध्ये त्यांनी हा अनुभव 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ती स्त्री शस्त्रक्रियेनंतर सुमारे चार वर्षे जगली. 'हॉर्मोन' हा शब्द १९०५ मध्ये रूढ झाला, हे लक्षात घेता बीट्सन यांचे निरीक्षण किती पुढचे होते याची कल्पना येते.

लंडनचे स्टॅन्ली बॉइड यांनी १९०० मध्ये अशा शस्त्रक्रिया झालेल्या ५४ रुग्णांची माहिती एकत्र केली. सुमारे एकतृतीयांश स्त्रियांनाच लाभ झाल्याचे त्यातून दिसले. या निष्कर्षातून दोन प्रश्न निर्माण झाले. उरलेल्या दोनतृतीयांश स्त्रियांना लाभ का झाला नाही, हा पहिला प्रश्न. ज्या स्त्रियांचे अंडाशय वयोमानानुसार आधीच थंडावले आहेत, त्यांच्यासाठी काय करावे, हा दुसरा प्रश्न. स्तनकर्करोगाचे प्रमाण वयानुसार वाढत जाते, त्यामुळे हा दुसरा प्रश्न अत्यंत मोठ्या रुग्णवर्गाचा होता.

१९४४ मध्ये अलेक्झांडर हॅडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी वयस्क स्त्रियांना कृत्रिम इस्ट्रोजेन मोठ्या मात्रेत दिले असता काहींच्या गाठी आकसल्याचे दाखवले. ज्या संप्रेरकावर रोग पोसला जातो असे मानले जात होते, तेच संप्रेरक उपाय ठरत होते. हा विरोधाभास त्या काळी उलगडला नाही. तरीही वृद्ध स्त्रीच्या शरीरातील गाठसुद्धा संप्रेरकाला प्रतिसाद देते, ही महत्त्वाची गोष्ट त्यातून सिद्ध झाली.

१९५० च्या दशकात कॉर्टिसोन हे औषध उपलब्ध झाले आणि शल्यचिकित्सा आणखी खोलवर गेली. शिकागो येथील चार्ल्स हगिन्स यांनी मूत्रपिंडांवर असणाऱ्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढण्याचा उपचार १९५२ च्या सुमारास मांडला. त्याच सुमारास स्टॉकहोम येथे रोल्फ लुफ्ट व हर्बर्ट ओलिव्हेक्रोना यांनी मेंदूच्या तळाशी असणारी पीयूषिका ग्रंथी काढून पाहिली. काही स्त्रियांना त्यातून खरोखरच आराम पडला. परंतु त्यासाठी आजाराने खंगलेल्या स्त्रीला एका मोठ्या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागे व उरलेले आयुष्य कॉर्टिसोनवर काढावे लागे. कोणाला लाभ होईल हे आधी सांगता येत नसल्याने अनेक स्त्रियांच्या ग्रंथी विनाकारण काढल्या गेल्या. या युगाचे मूल्यमापन करताना ही किंमत विसरता येत नाही.

ग्राहीचा शोध आणि निवडीचा प्रश्न

कोणाला लाभ होईल, या प्रश्नाचे उत्तर शल्यगृहाऐवजी प्रयोगशाळेत मिळाले. शिकागो विद्यापीठातील एल्वुड जेन्सन यांनी किरणोत्सारी हायड्रोजनने खुणावलेले इस्ट्रोजेन वापरून ते शरीरात कोठे जाते याचा माग काढला. गर्भाशयासारख्या विशिष्ट अवयवांतील पेशी हे संप्रेरक पकडून ठेवतात, असे त्यांना आढळले. पेशीतील या पकडणाऱ्या प्रथिनाला ग्राही म्हणजे रिसेप्टर असे नाव मिळाले. कुलूप आणि किल्ली ही उपमा येथे उपयोगी पडते. संप्रेरक ही किल्ली व ग्राही हे कुलूप होय. ज्या गाठीत कुलूपच नाही, तेथे किल्ली हिरावून घेण्यात अर्थ नाही.

१९७४ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे भरलेल्या परिषदेत अनेक केंद्रांची माहिती एकत्रित तपासली गेली. ग्राही असलेल्या गाठींपैकी निम्म्याहून अधिक गाठी संप्रेरकविषयक उपचाराला प्रतिसाद देतात, तर ग्राही नसलेल्या गाठींमध्ये हे प्रमाण दहातील एकाहूनही कमी असते, असे तेथे दिसून आले. बॉइड यांच्या एकतृतीयांशाचे कोडे अशा प्रकारे पाऊणशे वर्षांनी सुटले. ग्राहीची चाचणी हा आता उपचाराचा पाया झाला. असंख्य स्त्रिया निष्फळ शस्त्रक्रियेतून वाचल्या, हे या चाचणीचे मोठे सामाजिक फलित मानावे लागेल.

गर्भनिरोधकाच्या शोधातून टॅमॉक्सिफेन

कुलूप सापडल्यानंतर त्यात चुकीची किल्ली अडकवून ठेवण्याचा मार्ग खुला झाला. पण ती किल्ली आधीच तयार होती आणि ती कर्करोगासाठी बनलेली नव्हती. इंग्लंडमधील चेशायर परगण्यात ऑल्डरली पार्क येथे आय.सी.आय. कंपनीची औषध प्रयोगशाळा होती. तेथील रसायनशास्त्रज्ञ डोरा रिचर्डसन यांनी १९६२ मध्ये आय.सी.आय. ४६,४७४ हे संयुग तयार केले. आर्थर वॉलपोल यांच्या नेतृत्वाखालील गटाचा हेतू गर्भनिरोधक शोधण्याचा होता. उंदरांमध्ये ते संयुग गर्भधारणा रोखत असे, तर स्त्रियांमध्ये उलट अंडोत्सर्गाला चालना देत असे. गर्भनिरोधक म्हणून ते निकामी ठरले.

वॉलपोल यांना कर्करोगाच्या संशोधनात पूर्वीपासून रस होता. मँचेस्टरच्या ख्रिस्ती रुग्णालयात मेरी कोल व सहकाऱ्यांनी ४६ स्त्रियांवर या संयुगाची चाचणी घेतली व १९७१ मध्ये १० स्त्रियांना लाभ झाल्याचे नोंदवले. प्रमाण मोठे नव्हते, परंतु आधीच्या उपचारांच्या तुलनेत दुष्परिणाम फारच सौम्य होते. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये व १९७७ मध्ये अमेरिकेत टॅमॉक्सिफेन या नावाने ते वापरात आले. पुढे व्ही. क्रेग जॉर्डन यांच्या संशोधनाने त्याचा दीर्घकालीन वापर शास्त्रीय पायावर उभा राहिला. एका गोळीने शस्त्रक्रियेची जागा घेतली.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने येथे एक समांतर उदाहरण लक्षणीय ठरते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने विकसित केलेले सेंटक्रोमन हे संयुग टॅमॉक्सिफेनच्याच औषधवर्गात मोडते. ते 'सहेली' या नावाने १९९१ मध्ये गर्भनिरोधक गोळी म्हणून भारतात आले. जे उद्दिष्ट ऑल्डरली पार्कला साधले नाही, ते लखनौला साधले. एकाच ग्राहीवर काम करणारी दोन संयुगे दोन देशांत भिन्न कामी आली, यावरून औषधाचे भवितव्य केवळ त्याच्या रचनेवर ठरत नाही हे स्पष्ट होते.

टॅमॉक्सिफेनच्या मर्यादाही लवकरच दिसू लागल्या. ते स्तनात संप्रेरकाला रोखते, मात्र गर्भाशय व हाडे यांत काही अंशी संप्रेरकासारखेच वागते. त्यामुळे हाडांना लाभ होतो, तर गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. शिवाय प्रगत अवस्थेतील बहुतेक गाठी काही काळानंतर त्याला जुमानत नाहीशा होतात. या अपयशातून संशोधनाचे दोन प्रवाह निघाले आणि दोन्ही प्रवाह इंजेक्शनपाशी पोहोचले.

पहिला प्रवाह : संप्रेरकाची निर्मिती थांबवणे

रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन येते कोठून, याचे उत्तर तोवर स्पष्ट झाले होते. अधिवृक्क ग्रंथींतून येणाऱ्या पुरुषसंप्रेरकांचे रूपांतर चरबी, स्नायू व खुद्द गाठीतही अॅरोमटेज नावाच्या विकराच्या साहाय्याने इस्ट्रोजेनमध्ये होते. हगिन्स यांच्या शस्त्रक्रियेला यश का येत होते, ते यावरून समजले. ग्रंथी काढण्याऐवजी हा विकरच निष्प्रभ करता आला तर, असा विचार पुढे आला.

या विचाराला मूर्त रूप देण्याचे मोठे श्रेय अँजेला ब्रॉडी यांच्याकडे जाते. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या ब्रॉडी यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर फाउंडेशन येथे पती हॅरी ब्रॉडी यांच्यासह संशोधन केले व पुढे त्या मेरीलँड विद्यापीठात गेल्या. त्यांनी शोधलेल्या फॉर्मेस्टेन या संयुगाची पहिली चाचणी लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयात चार्ल्स कूम्ब्स यांच्या गटाने घेतली. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अहवालात रजोनिवृत्ती झालेल्या ११ स्त्रियांपैकी चौघींना लाभ झाल्याची नोंद आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी फॉर्मेस्टेन ब्रिटनसह काही देशांत वापरात आले. ते दर दोन आठवड्यांनी स्नायूत टोचावे लागे. खास रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांसाठी बनलेले हे संप्रेरकरोधक इंजेक्शन होते. तथापि अॅनास्ट्रोझोल, लेट्रोझोल व एक्झिमेस्टेन या गोळ्या लवकरच उपलब्ध झाल्या आणि गोळीपुढे सुई टिकली नाही. फॉर्मेस्टेन मागे पडले. त्यामागील तत्त्व मात्र या गोळ्यांच्या रूपाने जगभर रुजले.

दुसरा प्रवाह : ग्राहीच नष्ट करणे

दुसरा प्रवाह ऑल्डरली पार्क येथेच वाहत होता. अॅलन वेकलिंग व रसायनशास्त्रज्ञ बाउलर यांच्या गटाने कोणत्याही अवयवात संप्रेरकासारखे न वागणारे, 'शुद्ध' संप्रेरकरोधक शोधण्याचे ध्येय ठेवले. त्यांनी नैसर्गिक इस्ट्रोजेनच्या रेणूतील सातव्या स्थानी एक लांब शेपटी जोडली. या स्थानी जोडकाम केले तरी रेणू ग्राहीला चिकटतो, हे फ्रान्समधील संशोधनातून आधीच ठाऊक झाले होते. १९८७ मध्ये आय.सी.आय. १६४,३८४ व १९९१ मध्ये त्याहून प्रभावी आय.सी.आय. १८२,७८० ही संयुगे त्यांनी जाहीर केली. दुसरे संयुग म्हणजेच फुलव्हेस्ट्रंट. ते टॅमॉक्सिफेनपेक्षा कितीतरी अधिक घट्टपणे ग्राहीला चिकटते. एवढेच नव्हे, तर त्याच्या संपर्काने ग्राहीचा आकार बिघडतो व पेशी ते निकामी प्रथिन मोडीत काढते. किल्ली हिरावणे आणि कुलूप अडवणे यांपुढची ही पायरी होती. येथे कुलूपच दारावरून उतरवले जात होते.

मात्र ही लांब शेपटीच अडचणीची ठरली. संयुग पाण्यात जवळजवळ विरघळत नव्हते व पोटातून नीट शोषले जात नव्हते. गोळी करणे शक्य नसल्याने ते एरंडेल तेलाचा आधार असलेल्या द्रावणात मिसळून नितंबाच्या स्नायूत सावकाश टोचण्याचा मार्ग निवडला गेला. तेलातून औषध महिनाभर हळूहळू रक्तात झिरपते.

मँचेस्टरचे अँथनी हॉवेल यांनी १९९५ मध्ये टॅमॉक्सिफेन निष्प्रभ ठरलेल्या १९ स्त्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी ७ जणींच्या गाठी आकसल्या व आणखी ६ जणींमध्ये रोग स्थिर राहिला. या छोट्या चाचणीचे वैचारिक महत्त्व मोठे होते. एक संप्रेरकविषयक उपचार हरला म्हणजे गाठ संप्रेरकाच्या अधीन राहिली नाही, असा समज प्रचलित होता. तो समज या १९ स्त्रियांनी खोटा ठरवला.

मात्रेचा प्रश्न : आठ वर्षांचा विलंब

त्यानंतर ४५१ व ४०० स्त्रियांच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांत महिन्याला २५० मिलिग्रॅम फुलव्हेस्ट्रंटची तुलना अॅनास्ट्रोझोलच्या गोळीशी करण्यात आली. रोग पुन्हा वाढू लागण्यापर्यंतचा मध्यक काळ एका चाचणीत ५.५ विरुद्ध ५.१ महिने व दुसरीत ५.४ विरुद्ध ३.४ महिने असा आला. नवे औषध जुन्यापेक्षा कमी नाही, एवढे सिद्ध झाले व एप्रिल २००२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. युरोपात २००४ मध्ये मान्यता मिळाली. परंतु त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ५८७ स्त्रियांच्या चाचणीत, पूर्वी संप्रेरकविषयक उपचार न घेतलेल्या रुग्णांमध्ये ते टॅमॉक्सिफेनची बरोबरीही सिद्ध करू शकले नाही. तेथे हा काळ ६.८ विरुद्ध ८.३ महिने असा होता. प्रयोगशाळेत श्रेष्ठ ठरलेले औषध रुग्णालयात सामान्य का ठरावे, हा प्रश्न उभा राहिला.

उत्तराचे धागे आधीच उपलब्ध होते. नॉटिंगहॅमचे जॉन रॉबर्टसन यांच्या गटाने २००१ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वी ५०, १२५ व २५० मिलिग्रॅम मात्रा देऊन गाठींची तपासणी केली होती. मात्रा वाढेल तसे ग्राहीचे प्रमाण घटते आणि २५० मिलिग्रॅमलाही ग्राही पूर्णपणे नाहीसे होत नाहीत, असे त्यात दिसले होते. शिवाय महिन्याला एक इंजेक्शन दिल्यास रक्तातील औषधाची पातळी स्थिर व्हायला ३ ते ६ महिने लागत. आणि वरील चाचण्यांत निम्म्या स्त्रियांचा रोग साडेपाच महिन्यांच्या आतच वाढला होता. म्हणजे औषध पुरते भरण्यापूर्वीच अनेकींच्या बाबतीत ते निष्फळ ठरल्याची नोंद होत होती. औषध दुर्बळ नव्हते, ते अपुरे पडत होते.

मात्रा वाढवण्यात तेलाचा अडसर होता. २५० मिलिग्रॅम औषधासाठी ५ मिलिलिटर द्रावण लागते आणि एका जागी त्याहून अधिक टोचणे अवघड असते. अखेर दोन्ही नितंबांत प्रत्येकी एक, अशी एका वेळी दोन इंजेक्शने देऊन ५०० मिलिग्रॅमची मात्रा आजमावली गेली. पहिल्या महिन्यात चौदाव्या दिवशी एक जादा मात्रा देऊन पातळी लवकर वाढवण्यात आली. 'कन्फर्म' या ७३६ स्त्रियांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. रोग न वाढता गेलेला काळ ५.५ वरून ६.५ महिन्यांवर गेला, तर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम माहितीनुसार एकूण आयुष्याचा मध्यक २२.३ वरून २६.४ महिन्यांवर गेला. २०१० मध्येच युरोप व अमेरिकेत ५०० मिलिग्रॅम ही मान्य मात्रा झाली. पुढे 'फाल्कन' या ४६२ स्त्रियांच्या चाचणीत (२०१६), पूर्वी संप्रेरकविषयक उपचार न घेतलेल्या रुग्णांमध्ये हे इंजेक्शन अॅनास्ट्रोझोलपेक्षा सरस ठरले. तेथे रोग न वाढता गेलेला काळ १६.६ विरुद्ध १३.८ महिने होता.

चार महिन्यांची वाढ आकड्यांत अल्प वाटते. परंतु हा उपचार शरीरात पसरलेल्या, पूर्ण बरा न होणाऱ्या रोगासाठी आहे, हे ध्यानात घ्यावे लागते. मध्यंतरीच्या आठ वर्षांत ज्या स्त्रियांनी मान्य मात्रेनुसार हे औषध घेतले, त्यांना त्याचा पूर्ण लाभ मिळाला नाही. त्यात कोणाची अप्रामाणिकता नव्हती. उपलब्ध पुराव्यावर मान्यता मिळाली होती. तरीही मान्यता म्हणजे ज्ञानाची पूर्तता नव्हे, हा धडा या घटनेतून मिळतो.

इंजेक्शननंतरचा टप्पा

२०१५ मध्ये 'पालोमा-३' या ५२१ स्त्रियांच्या चाचणीने फुलव्हेस्ट्रंटला पालबोसिक्लिब या पेशीविभाजन रोखणाऱ्या गोळीची जोड दिल्यास रोगाची वाढ लक्षणीयरीत्या लांबते, हे दाखवले. एकट्या इंजेक्शनचे युग तेथून मागे पडू लागले. दुसरीकडे २०१३ मध्ये एक नवे वास्तव व्यापकपणे समोर आले. अॅरोमटेज रोखणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेतलेल्या अनेक स्त्रियांच्या गाठींत ग्राहीच्या जनुकातच बदल झालेला असतो व असा ग्राही संप्रेरकाशिवायही जागा राहतो. किल्लीविना उघडणारे हे कुलूप होय. तेथे ग्राही नष्ट करण्याच्या तत्त्वाला नव्याने महत्त्व आले. जानेवारी २०२३ मध्ये असा जनुकीय बदल असलेल्या रुग्णांसाठी एलासेस्ट्रंट या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली. जी गोष्ट तीस वर्षे सुईवाचून शक्य नव्हती, ती पोटातून घेण्याच्या औषधाने साधली.

आपल्याकडे या बदलाचा अर्थ अधिक व्यापक आहे. भारतातील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण आज सर्व कर्करोगांत अधिक आहे. दर महिन्याला इंजेक्शनसाठी शहरातील रुग्णालय गाठणे म्हणजे खेड्यातील वयस्क स्त्रीसाठी प्रवासखर्च, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज व घरातील कामांचा खोळंबा असतो. त्यामुळे गोळी की सुई हा प्रश्न केवळ औषधशास्त्राचा राहत नाही. त्याआधी ग्राहीची चाचणी विश्वासार्ह रीतीने होणे हीदेखील तितकीच मूलभूत गरज आहे. जेन्सन यांचा शोध ज्या रुग्णापर्यंत पोहोचला नाही, तिच्यासाठी वेकलिंग यांचा शोधही अपुराच राहतो.

निष्कर्ष

१) स्तनकर्करोगावरील संप्रेरकविषयक उपचारांचा प्रवास अवयव काढणे, संप्रेरकाची निर्मिती थांबवणे, ग्राही अडवणे व ग्राही नष्ट करणे अशा टप्प्यांतून झाला. प्रत्येक टप्प्यावर आधीच्या उपायाच्या मर्यादेने पुढच्या संशोधनाची दिशा ठरवली.
२) रजोनिवृत्ती झालेल्या रुग्ण स्त्रीच्या प्रश्नामुळेच संशोधकांचे लक्ष अंडाशयापलीकडे गेले.
३) ग्राहीच्या शोधाने उपचाराइतकेच उपचाराच्या निवडीचे शास्त्र घडवले व निष्फळ शस्त्रक्रिया टाळल्या.
४) औषधाची मान्यता व त्याची योग्य मात्रा समजणे या भिन्न घटना आहेत. फुलव्हेस्ट्रंटच्या बाबतीत त्यांत आठ वर्षांचे अंतर पडले.
५) द्रावणाचे आकारमान व तेलाची विद्राव्यता यांसारख्या वरकरणी क्षुल्लक भौतिक बाबीही वैद्यकाच्या इतिहासाला वळण देतात.

समारोप

बीट्सन यांनी शस्त्रक्रिया केलेली ग्लासगोची स्त्री, ख्रिस्ती रुग्णालयातील ४६ स्त्रिया, रॉयल मार्सडेनमधील ११ व हॉवेल यांच्या अहवालातील १९ स्त्रिया यांची नावे इतिहासात नाहीत. शास्त्रज्ञांची नावे औषधांशी जोडली गेली. या स्त्रिया केवळ आकड्यांच्या रूपाने उरल्या. त्यांतील बहुतेकींना पूर्ण बरे होण्याची आशा नव्हती. तरीही त्यांच्या शरीराने दिलेल्या उत्तरांवरच आजच्या रुग्ण स्त्रीचा उपचार उभा आहे. वैद्यकाच्या इतिहासलेखनात प्रयोगशाळेइतकेच स्थान या अनाम सहभागाला मिळणे आवश्यक आहे.